अडविलेले कार्ड
बँकेने संशयावरून एखाद्या गुरुजींचे कार्ड अडविले, तर तो त्यांच्यावरील अविश्वास नव्हे. प्रशिक्षणास परगावी गेले असता रात्री उचललेली त्यांचीच रक्कमही यंत्रणेस खटकू शकते! खरा धोका त्यानंतरचा. ‘कार्ड सुरू करून देतो’ असा दूरध्वनी आला, तर त्यास ओटीपी सांगू नये; कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर गुरुजींनी स्वतः चौकशी करावी. उचल आपली नसल्यास तत्काळ तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, १९३० वरही कळवावे. कोणाचीच चूक नसता त्रयस्थाने रक्कम लांबविली व तीन कामकाजी दिवसांत बँकेस कळविले, तर ग्राहकावर भार येत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरविले. ओटीपी स्वतःच दिला असल्यास मात्र कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच.