भय, अपरिचय आणि समाजमन



समलैंगिकता हा विषय घरात मौनाचा आणि पारावर थट्टेचा. सर्वसामान्य पुरुषाची त्याकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

या दृष्टीचा पाया शाळकरी वयातच घातला जातो. मुलगा रडला, खेळात मागे राहिला की सोबती त्याला ‘बायल्या’ म्हणतात. पुरुषत्व चारचौघांत सतत सिद्ध करावे लागते, हे त्या एका शब्दाने त्याच्या मनावर ठसते. पुढे समलैंगिकांची टवाळी हा ते सिद्ध करण्याचा सोपा मार्ग ठरतो. समलैंगिक पुरुषांविषयी स्त्रियांपेक्षा पुरुषांचीच मते अधिक कठोर असतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी हेरेक यांच्या अभ्यासात आढळले.

दुसरे कारण अज्ञान. समलैंगिक आणि तृतीयपंथी यांत अनेकांना भेदच ठाऊक नसतो. हा आजार असल्याचा समजही रूढ आहे. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. या विषयावर बोलणेही एके काळी महाग पडे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली.

तिसरे कारण कायदा. स्मृतींनी असे संबंध निषिद्धच मानले. पण मनुस्मृतीत त्यासाठी सचैल स्नानासारखे प्रायश्चित्तही आढळते. १८६० च्या दंड संहितेतील कलम ३७७ ने मात्र जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून ६ सप्टेंबर २०१८ रोजी मुक्त केले. कायदा बदलला, मन बदलण्यास वेळ लागतो.

चौथे कारण सर्वांत बलवान: अपरिचय. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात असा तरुण एक तर गप्प राहतो, नाही तर पुण्या-मुंबईची वाट धरतो. मग गावाला वाटते, हे शहरांचे खूळ, आपल्याकडे असे कोणी नाही. परंतु जवळचा मित्र किंवा भाऊ विश्वासाने मन मोकळे करतो, तेव्हा कठोर मतेही बहुधा मवाळ होतात, हाही हेरेक यांचाच निष्कर्ष.

‘लग्न लावून दिले की सुधारेल’ या समजुतीने दोन घरे उद्ध्वस्त होतात; त्यात परक्या घरच्या निरपराध लेकीचा बळी जातो. समलिंगी विवाहाविषयी मतभेद असू शकतात. अशा विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. पण माणूस आपला की परका, हा प्रश्न निराळा आहे. ही माणसे समाजाचाच भाग आहेत, असे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले होते.

नरसीच्या नामदेवांना औंढा नागनाथाच्या दारातून उठविले गेले. ते मागे जाऊन कीर्तनास उभे राहिले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा या जिल्ह्यातील लेकरालाही ठाऊक आहे. उद्या एखादा मुलगा चाचरत काही सांगू लागला, तर बापाने आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. आपल्या मुलाकडे वळणे बापाला देवळाइतके अवघड नसावे.