सरकारदरबारी गेलेला एक अर्ज

बोलूया एका अर्जाविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधली गरीब कुळं डब्लिनच्या किल्ल्यातल्या सरकारला अर्ज धाडत. मतदानाचा हक्क नसलेल्यांना राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचायला हा एक मार्ग होता. आपल्याकडेही तो वापरला गेला.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ त्यांच्या नावांची साक्ष देतो. पुढे १८९० च्या दशकात ही भरती थांबली आणि पगार, निवृत्तिवेतन, मुलांना पलटणीत मिळणारं शिक्षण, सगळंच हातचं गेलं. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीपत्राचा मसुदा केला. त्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे आले. १९०३ मध्ये त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि मुंबईच्या गव्हर्नरकडे अर्ज पाठवला. त्यावर दीड हजारांहून अधिक जणांची नावं होती! शाळेची दारं बंद असलेल्या समाजाने गावोगाव फिरून हे जमवलं, याचं मोल फार मोठं आहे. १९१० मध्ये दुसरा अर्ज थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे गेला. मागणं साधं होतं: पोलिसात आणि सैन्यात जागा द्या.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.