अंतराळानंतरचं ओझर



राकेश शर्मा म्हटलं की ३ एप्रिल १९८४ आणि सोयुझ टी-११ आठवतं. मला त्यांची पुढची वर्षं जास्त भावतात. अंतराळात जवळजवळ आठ दिवस राहून आलेला हा माणूस १९८७ मध्ये आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला, एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक झाला. १९९२ पर्यंत तिथेच. विमान आधी स्वतः उडवून पाहायचं, खोट सापडली की लिहून द्यायची. आम्ही सॉफ्टवेअरवालेही टेस्टिंग करतो, पण खुर्चीत बसून!

त्यांच्यासोबत रशियात तेच प्रशिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा राखीव होते. ते जमिनीवरच राहिले. भंडाऱ्यात आपल्या प्रश्नमंजुषेत त्यांचं नाव कधी आलं नाही. सर, यंदाच्या मुलांना विचाराल?