जिन्यावरची रेघ





आपल्यातले बरेच जण आज सकाळी प्रभादेवी स्टेशनावर उतरून नेटवर्क कॅमेऱ्यांच्या या संमेलनाला आले. जुलै २०१८ पर्यंत त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. वस्तीचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून देवीच्या देवळावरून पडलेलं. पलीकडे १८०१ सालचा सिद्धिविनायक, आणि आज जिथे काचेच्या इमारती दिसतात तिथे गिरण्या. माझं लहानपण भोंग्यांवर गेलं. कुठल्या गिरणीचा भोंगा, हे आम्हांला आवाजावरून कळायचं. आवाज वेगवेगळे, पण अर्थ सगळ्यांना एकच कळायचा : पाळी बदलली. या संमेलनाचा विषय मला समजावून सांगितला गेला तेव्हा मला पहिल्यांदा ते भोंगे आठवले.

कॅमेरा आता नुसतं चित्र पाठवत नाही. चित्रात माणूस आहे की गाडी, तो कुठल्या दिशेला चालला आहे, किती जण एके ठिकाणी थांबले आहेत, हे तो स्वतःच ओळखतो. पण काय शोधायचं हे त्याला सांगायचं कुणी आणि कसं? ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ साली ऑनव्हिफ ही संस्था काढली, ती यासाठीच. कॅमेरा कुणाचाही असो, त्याच्याशी बोलण्याची रीत, त्या भोंग्यांच्या अर्थासारखी, एक असावी. त्या रीतीत अशा ओळखण्यासाठी, म्हणजे ॲनालिटिक्ससाठी, वेगळी वेब सर्व्हिस आहे. कंट्रोल रूममधून कॅमेऱ्याला आधी विचारायचं, तुला कोणकोणते नियम कळतात? तो यादी देतो. मग एखादा नियम घालायचा, बदलायचा, नको असेल तर काढून टाकायचा. ही सगळी बोलणी एक्सएमएलमध्ये, नेहमीच्या एचटीटीपीवरून. २०२१ साली आलेल्या ऑनव्हिफच्या प्रोफाइल एममुळे या बोलण्याला आणखी शिस्त आली.

या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे पाहणं आणि ठरवणं वेगळं ठेवलं आहे. कॅमेऱ्यातलं ॲनालिटिक्स मॉड्यूल पाहतं : इथे माणूस आहे, तो डावीकडे सरकला. नियम ठरवतो : यातलं काय कळवायचं. पाहण्याचं काम यंत्राचं. कळवण्याची मर्यादा मात्र माणसाने घालायची, आणि गरज पडली की त्याच घटकेला बदलायची.

हे मी इतकं का लावून धरतो, ते सांगतो. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमाराला जोराची सर आली. स्टेशनाच्या पादचारी पुलावर आलेली माणसं आडोशाला थांबली. गाड्यांतून उतरलेली माणसं खालून चढतच राहिली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या त्या पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. कुणाचा तरी फुलांचा भारा पडला आणि ‘फूल गिर गया’चं ‘पूल गिर गया’ झालं, असं पुढे सांगितलं गेलं. लष्कराने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला.

कॅमेऱ्याने जिना रुंद होत नाही. जिना रुंदच बांधायला हवा. पण उतरणारे थांबले आहेत आणि चढणारे थांबलेले नाहीत, हे मोजता येण्याजोगं आहे. जिन्याच्या तोंडाशी चित्रावर एक रेघ मारायची, ती कुठल्या दिशेने किती जणांनी ओलांडली ते मोजायचं, आणि वरच्या टप्प्यावर एक चौकट आखून तिथे थांबलेल्यांचा आकडा ठेवायचा. एरवीच्या दिवशी चालणारी मर्यादा पावसाच्या सरीत चालत नाही. ती बदलायला कुणी लॅपटॉप घेऊन कॅमेऱ्यापर्यंत जायचं म्हटलं, तर तोवर वेळ निघून गेलेली असते. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या ड्यूटीवरच्या माणसाला ती तिथूनच बदलता आली पाहिजे.

आणि वाटाही बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि पायी जाणाऱ्यांनी रेल्वेच्या पादचारी पुलांची वाट धरली. काल मारलेली रेघ आज चुकीच्या ठिकाणी असते.

इन्स्टॉलर मित्रांना दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. रेघ चित्रावर असते, जिन्यावर नसते. तिचे बिंदू उणे एक ते अधिक एक या मापात लिहिले जातात, त्यामुळे चित्राचं रिझोल्यूशन वाढलं तरी ती हलत नाही. पण वाऱ्याने, कबुतराने किंवा रंगकाम करणाऱ्याच्या हाताने कॅमेरा जरा वाकला, की रेघ भिंतीवर जाते. कॅमेरा मुकाट्याने शून्य मोजत राहतो आणि कंट्रोल रूमला वाटतं, गर्दी नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. पासवर्डच्या पडताळणीत वेळही मिसळलेली असते. वीज जाऊन आली, कॅमेरा १९७० सालात गेला, की अचूक पासवर्डही तो नाकारतो. म्हणूनच वेळ विचारायला ऑनव्हिफमध्ये पासवर्ड लागत नाही. आमच्या इमारतीत आम्ही दोन दिवस पासवर्ड बदलत बसलो होतो. चूक घड्याळाची होती.

त्या चेंगराचेंगरीच्या पाच आठवडे आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. या दोन तारखा मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. गर्दी मोजायला आकडा पुरतो, चेहरा लागत नाही. ॲनालिटिक्सच्या सर्व्हिसमधून नुसता आकडा मागवता येतो, तेव्हा आकडाच मागवावा. नियम कुणी घातला, कुणी काढला, याची नोंद राहावी. आणि २०१६ साली मिराई या मालवेअरने जगभरचे कॅमेरे कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच ताब्यात घेतले होते, हे विसरून कुणी नवा कॅमेरा भिंतीवर चढवू नये. या तिन्ही गोष्टींवर इथे मोकळेपणी, भांडूनसुद्धा, बोला.

दुपारच्या जेवणानंतर साडेतीन वाजता आपण चालत स्टेशनाकडे जाणार आहोत. दहा-दहा जणांचे गट करा, दोन गटांत थोडं अंतर ठेवा. जिन्यावर थांबून कुणी फोटो काढू नका. बघायचं ते वर पोचल्यावर, कडेला उभं राहून बघा.