डिस्क आत गेली, पुढे काहीच नाही

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, सीडी? आत्ता? पण घरोघरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ती एक पिशवी असते बघा. आईबाबांच्या लग्नाची, ताईच्या बारशाची, आजोबांच्या एकसष्टीची डिस्क. मग एक दिवस मावशी येते आणि म्हणते, "अरे, ती लाव की जरा." तुम्ही कुणाकडून तरी यूएसबीवाला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणता, लॅपटॉपला जोडता, डिस्क आत ढकलता. आणि शांतता. पूर्वी कसं, डिस्क टाकली की आपोआप खिडकी उघडायची. आता काहीच होत नाही.

अशा वेळी बहुतेकजण लगेच ठरवतात की डिस्क गेली. थांबा. "काहीच होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कॉम्प्युटरला ड्राइव्हच दिसत नाहीये. किंवा ड्राइव्ह दिसतोय, पण डिस्क वाचता येत नाहीये. किंवा सगळं नीट वाचलं गेलंय, फक्त आपोआप सुरू होत नाहीये. तिसरी गोष्ट असेल तर बिघाड काहीच नाही. म्हणून आधी "धिस पीसी" उघडा आणि डीव्हीडी ड्राइव्हचं चिन्ह आहे का ते बघा. आहे? मग त्यावर राइट क्लिक करून "ओपन" म्हणा. आत फोल्डर दिसले तर निवांत व्हा, डिस्क जिवंत आहे.

आता ती आपोआप का सुरू होत नाही? ही गोष्ट मला फार आवडते. ऑटोरन ही सोय विंडोज 95 सोबत आली. डिस्कवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची एक छोटी फाइल असायची, त्यात लिहिलेलं असायचं की हा प्रोग्राम चालव. विंडोज निमूटपणे चालवायचं. म्हणजे दारात कोण आलंय हे न बघता कडी काढायची. 2003 मध्ये अ‍ॅलेक्स हाल्डरमन या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की गाण्यांच्या एका सीडीवरचं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर, डिस्क टाकताना नुसती शिफ्ट की दाबून धरली तरी चालूच होत नाही. कारण शिफ्ट दाबली की ऑटोरन थांबतं. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सनकॉम कंपनीने त्याच्यावर खटला भरायची भाषा केली, मग माघार घेतली. एका बटणावर खटला! 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींचं प्रकरण त्याहून वाईट निघालं. गाणी ऐकायला डिस्क लावली की कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर शिरत होतं. त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

मग पेन ड्राइव्ह आले. 2008 च्या शेवटी कॉन्फिकर नावाचा वर्म पसरला, आणि त्याच्या वाटांपैकी एक होती हीच ऑटोरनची. विंडोज 7 ने पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन बंदच केलं आणि 2011 मध्ये जुन्या एक्सपी, व्हिस्टालाही अपडेटमधून तेच मिळालं. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असायचे, आठवतंय? दार बंद झाल्यावर व्हायरसने तुमच्याच हाताने क्लिक करून घ्यायची ती युक्ती होती. सीडी-डीव्हीडीला मात्र सूट राहिली, पण तिथेही विंडोज आता परस्पर काही न चालवता आधी विचारतं. आणि त्या प्रश्नाला घरातल्या कुणीतरी कधीतरी "टेक नो अ‍ॅक्शन" असं उत्तर दिलेलं असतं. विंडोज ते लक्षात ठेवतं.

ते बदलायचं कुठे? विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये "ब्लूटूथ अँड डिव्हायसेस"खाली ऑटोप्ले आहे. तिथलं बटण चालू आहे का बघा. पण गंमत अशी की तिथे फक्त पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाचं विचारतात. डिस्कचे पर्याय जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ऑटोप्लेत आहेत. सर्चमध्ये "कंट्रोल पॅनेल" टाइप करून उघडा. ऑडिओ सीडी, डीव्हीडी मूव्ही, सॉफ्टवेअर, सगळं वेगवेगळं मिळेल. एकेक बदलायचा कंटाळा असेल तर अगदी खाली "रीसेट ऑल डिफॉल्ट्स" आहे. एवढ्यानेही जमलं नाही तर विंडोज की आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका आणि "शेल हार्डवेअर डिटेक्शन" चालू आहे का बघा. ती सर्व्हिस बंद असेल तर ऑटोप्ले चालत नाही. रजिस्ट्रीमध्ये हात घालायला सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. लग्नाची डिस्क बघण्यासाठी त्याची गरज नाही.

आणि एक. सिनेमावाली डीव्हीडी असेल तर विंडोज 8 पासून ती दाखवणारा प्लेअर विंडोजसोबत येतच नाही. व्हीएलसी फुकट आहे, ते टाका. त्यात "मीडिया", मग "ओपन डिस्क". झालं.

ड्राइव्हच दिसत नसेल तर आधी केबल बघा. यूएसबी हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा. काही ड्राइव्हच्या केबलला दोन यूएसबी पिना असतात, त्या शोभेच्या नाहीत. एका पोर्टची वीज कमी पडते म्हणून दिल्यात, दोन्ही लावा.

ड्राइव्ह दिसतोय, घुर्र घुर्र आवाज येतोय, पण डिस्क वाचत नाही, तेव्हा मऊ सुती कापडाने पुसा. गोल गोल नाही, मधून बाहेर सरळ. सीडीच्या छापील बाजूलाही जपा. सीडीतली माहिती त्या छपाईच्या लगेच खाली असते, तिथला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा महागात पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्यात थेट रेकॉर्ड झालेल्या छोट्या डीव्हीडी असायच्या. त्या "फायनलाइज" केल्या नसतील तर कॉम्प्युटरला कोऱ्या वाटतात. विंडोज विचारतं, ही डिस्क कशासाठी वापरायची? तिथे कॅन्सल करा. पुढे गेलात, तर आत असलेलं बारसं कायमचं जाऊ शकतं. तो जुना कॅमेरा घरात असेल तर त्यातूनच फायनलाइज करता येतं.

आणि डिस्क उघडली की बघत बसू नका, आधी कॉपी करा. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर वर्षानुवर्षांनी खराब होतो. डीव्हीडी असेल तर "व्हिडिओ टीएस" नावाचा अख्खा फोल्डर उचला, साधारण साडेचार जीबीपर्यंत जागा लागेल. त्याहून जुनी व्हीसीडी असेल तर "एमपीईजी एव्ही" फोल्डरमध्ये डॅट फाइल असते, तीही व्हीएलसीत चालते. कॉपी मध्येच अडकली तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकाने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने वाचली, असं होतं. कॉपी झाली की मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खी फाइल पाठवायला जाऊ नका, पेन ड्राइव्हवर द्या.

तुमच्याकडची कुठली डिस्क अडकली असेल तर कळवा. भेटू.