बेपत्ता माणूस आणि दोन नोंदवह्या

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातील माणूस गेला तर घर शोकात बुडते. परंतु त्या शोकालाही एक क्रम असतो. अंत्यसंस्कार होतात, दिवसकार्य होते, आप्तेष्ट येऊन जातात आणि उरलेली माणसे हळूहळू आपापल्या कामाला लागतात. बेपत्ता झालेल्या माणसाच्या घराला हा क्रमच लाभत नाही. त्याचे कपडे दोरीवर तसेच राहतात. त्याच्या पत्नीने कुंकू लावावे की न लावावे, याचे उत्तर तिला कोणी देत नाही. शेताच्या उताऱ्यावर त्याचे नाव कायम असते. पण सही करावयास तो नसतो. शोक करावा तर आशा आडवी येते आणि आशा धरावी तर दिवस उलटत जातात.

राज्यात दरवर्षी हजारो माणसे हरवल्याच्या खबरी पोलीस ठाण्यांत नोंदविल्या जातात. त्यांतील अनेकजण परत येतात अथवा सापडतात. जे सापडत नाहीत, त्या सर्वांनाच धरणीने गिळलेले असते असे नाही. पुष्कळदा माणूस कुठेतरी असतोच आणि त्याची कुठेतरी नोंदही असते. एका गावच्या ठाण्यात तो ‘मिसिंग’ म्हणून नोंदलेला असतो आणि तीनशे मैलांवरच्या रुग्णालयात, निरीक्षणगृहात किंवा अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीत तोच ‘अनोळखी’ म्हणून लिहिलेला असतो. हरवलेल्यांची एक नोंदवही आणि सापडलेल्यांची दुसरी. या दोन नोंदवह्यांची गाठ पडत नाही, तोवर त्या माणसाला घर नाही आणि घराला तो माणूस नाही.

प्रयागचा तंबू

या दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर काय होते, हे प्रयागच्या मेळ्याने दाखवून दिले आहे. तेथे राजाराम तिवारी या गृहस्थांनी १९४६ साली ‘भूले भटके शिबिर’ सुरू केले. कल्पना अत्यंत साधी होती. ज्याचे माणूस हरवले तो तेथेच येणार आणि जो हरवला आहे त्यालाही तेथेच आणून बसविणार. मग नाव, गाव व अंगावरच्या वस्त्रांचे वर्णन यांचा पुकारा करावयाचा. आषाढीच्या पंढरपुरात किंवा नाशिकच्या सिंहस्थात ध्वनिक्षेपकावरून होणारा पुकाराही याच तत्त्वावर चालतो. मेळ्यात हरवलेली म्हातारी सायंकाळपर्यंत आपल्या माणसांत पोहोचू शकते, कारण शोधणारा आणि सापडलेला यांच्यासाठी ठिकाण एकच असते. मेळ्याबाहेरच्या विशाल देशात असे एक ठिकाण नाही. ते नोंदींनी निर्माण करावे लागते.

पहिली खबर

हरवलेल्या माणसाची खबर चोवीस तास उलटल्याखेरीज घेतली जात नाही, असा समज खेड्यापाड्यांत व शहरांतही रूढ आहे. असा कोणताही नियम कायद्यात नाही. उलट पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. एस. टी. स्थानकावरील विक्रेत्याला तेव्हा चेहरा आठवत असतो आणि माणूस जिल्ह्याबाहेर गेलेला नसतो. घरची मंडळी मात्र लोकलज्जेपोटी, विशेषतः मुलगी किंवा सून बेपत्ता असेल तर, नातेवाइकांकडे विचारपूस करण्यात दोन-चार दिवस घालवितात. गावही ‘घरचे प्रकरण आहे’ म्हणून मौन पाळते.

हे मौन काही प्रसंगी कायद्याच्याही विरुद्ध ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. तिच्या कलम ३४ मध्ये ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांचे व रहिवाशांचे कर्तव्य सांगितले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० मध्येही ते होते. गावात किंवा गावाजवळ संशयास्पद मृत्यू झाला, प्रेत आढळले, अथवा गंभीर, म्हणजे अजामीनपात्र, गुन्हा घडल्याचा वाजवी संशय यावा अशा परिस्थितीत गावातून एखादी व्यक्ती नाहीशी झाली, तर ही माहिती तत्काळ जवळच्या दंडाधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास कळविली पाहिजे. या कलमाच्या अर्थाने पंचायतीचा सदस्य हाही गावकामाचा अधिकारीच होय. म्हणजे खबर देणे हे केवळ पोलीस पाटलाचे काम नाही आणि सदस्याने केलेली ती मेहरबानीही नव्हे. दोन नोंदवह्यांपैकी पहिलीची पहिली ओळ गावातच लिहिली जाते.

मूल हरवते तेव्हा

डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळील निठारी येथे एका घरामागील नाल्यात मुलांचे अवशेष सापडले. तत्पूर्वी दीर्घ काळ तेथील गरीब कुटुंबे आपली मुले हरवल्याच्या तक्रारी करीत होती. त्या तक्रारींकडे वेळीच लक्ष पुरविले गेले नाही, ही गोष्ट देशाला चटका लावून गेली. पुढे १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी व्यापार झाल्याचे गृहीत धरून तपास करावा. ‘येईल परत’ या उत्तराला त्या दिवसापासून जागा उरली नाही.

दुसऱ्या नोंदवहीचा, म्हणजे सापडलेल्या मुलाचा, विचारही कायद्याने केला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार हरवलेले वा टाकून दिलेले दिसणारे मूल ज्याच्या ताब्यात येईल, त्याने चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती अथवा चाइल्डलाइन यांना कळविले पाहिजे. चाइल्डलाइनचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक मुंबईतच १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. दयाबुद्धीने परस्पर घरी ठेवून घेतलेले मूल पोटभर जेवेल. पण त्याच्या आईबापांना ते कधीच सापडणार नाही.

येथे काळाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. समितीपुढे आणलेल्या बालकाच्या पालकांचा शोध दोन वर्षांपर्यंतच्या बालकाच्या बाबतीत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या बालकाच्या बाबतीत चार महिन्यांत लागला नाही, तर त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करता येते. अनाथ बालकाच्या हिताची ही तरतूद योग्यच आहे. परंतु आईबाप जिवंत असून त्यांची खबर नोंदलीच गेली नसेल, तर तेच दोन-चार महिने त्या कुटुंबाला कायमचे दुरावू शकतात.

शाळेचे हजेरीपत्रकही येथे उपयोगी पडते. मूल सलग गैरहजर राहू लागले, की त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करून थांबू नये. घरी जाऊन विचारावे. नागपुरात २०२१ मध्ये एका युवकाच्या आधार नोंदणीत वारंवार अडथळा येऊ लागला. शाळेला त्याचा आधार क्रमांक हवा होता. चौकशीअंती त्याची नोंद मध्य प्रदेशात पूर्वीच झालेली असल्याचे उघड झाले. लहानपणी रेल्वे स्थानकावर सापडलेला तो मुलगा सुमारे दहा वर्षांनी आपल्या आईबापांना भेटला. शाळेने मागितलेल्या एका कागदाने दोन नोंदवह्यांची गाठ घातली.

रस्त्यावरचा अनोळखी

गावाच्या वेशीवर, देवळाच्या ओवरीत किंवा एस. टी. स्थानकावर जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा एखादा माणूस दिसतो. लोक त्याला भाकरी देतात आणि ‘वेडा’ म्हणून पुढे जातात. तो कोणाच्या तरी घरातून हरवलेला आहे, हे क्वचितच कोणाच्या मनात येते. डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था स्थापन केली. अशा मनोरुग्णांना उपचार देऊन स्वगृही पोहोचविण्याचे संस्थेचे कार्य कर्जत येथून चालते. २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. औषधोपचाराने मन थाऱ्यावर आले, की रुग्ण स्वतःच आपल्या गावाचे नाव सांगू लागतो, हा या कार्याचा अनुभव आहे. ज्याच्याजवळ पत्ता नाही असे वाटत होते, त्याचा पत्ता त्याच्याच आजाराखाली दडलेला असतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० ने या बाबतीत दूरदृष्टी दाखविली आहे. बेघर किंवा भटकणारा मनोरुग्ण आढळल्यास ठाण्यात हरवलेली व्यक्ती म्हणूनच प्रथम खबर नोंदवावी आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणेप्रमुखाचे कर्तव्य राहील, असे ते सांगते. सापडलेल्या माणसालाही हरवलेला मानण्याचा हा विचार प्रत्येक गावाने आत्मसात करावा असा आहे.

सात वर्षे

काही माणसे मात्र कधीच सापडत नाहीत. ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला लोक विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणत, नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईकडे येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक उतारू व खलाशी तिच्याबरोबर गेले. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले. ५७ जणांचा शोध लागला नाही आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? पुरावा कायद्यातील जुने कलम १०८, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमातील कलम १११, असे सांगते, की ज्यांना एरवी खबर कळली असती अशा माणसांना सात वर्षे एखाद्याची काहीही खबर मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. परंतु तो केव्हा मरण पावला, याचे अनुमान या कलमातून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विम्याच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. हप्ते थांबून विमापत्र बंद पडले असेल, तर ‘तो हरवला त्याच दिवशी वारला’ असे गृहीत धरून रक्कम मागता येत नाही. हरवलेल्याच्या पत्नीला हे वेळीच कोणी सांगितले नाही, तर तिचे दुहेरी नुकसान होते.

जून २०१३ मधील केदारनाथच्या प्रलयानंतर सात वर्षे न थांबता, चौकशी, जाहीर सूचना व हरकतींची मुदत या मार्गाने मृत्यूची नोंद करण्याची विशेष कार्यपद्धती आखण्यात आली. तिच्यातही हरवल्याच्या खबरीला महत्त्व होते. सात वर्षांची गणना असो वा आपत्तीतील विशेष नोंद असो, ज्या घराजवळ पहिल्या खबरीची प्रत आहे त्याची वाट सोपी होते. जिने लाजेपोटी किंवा अज्ञानापोटी खबरच दिली नाही, ती वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, ठेवीसाठी बँकेकडे आणि निवाड्यासाठी न्यायालयाकडे रिकाम्या हातांनी हेलपाटे घालते.

म्हणूनच गावाने करावयाची कामे थोडी व साधी आहेत. माणूस हरवताच त्याच दिवशी कुटुंबाबरोबर कोणीतरी जाणत्याने ठाण्यात जावे. अलीकडचे छायाचित्र, उंची, बोलीभाषा, शरीरावरील खुणा व अंगावरील कपडे यांचा तपशील द्यावा आणि खबरीची प्रत घेऊन ती घरात जपून ठेवण्यास सांगावे. परगावी मजुरीस जाणाऱ्यांची नावे, मुकादम व ठिकाण यांची यादी पंचायतीत असावी. गावात आलेल्या अनोळखी बालकाची, वृद्धाची वा मनोरुग्णाची माहिती त्याच दिवशी ठाण्याला द्यावी. आणि ज्या घरचे माणूस परतलेले नाही, त्या घरी वर्षातून एकदा तरी कोणी जाऊन तपासाचे काय झाले, हे विचारावे.

शोध लागेलच याची हमी कोणालाच देता येत नाही. परंतु या गावातून एक माणूस नाहीसा झाला आणि गावाने त्याची नोंदही केली नाही, असे घडू न देणे सर्वस्वी गावाच्या हाती आहे.