आपले पुस्तक आपणच छापावे काय?



पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्याकडे लोक जरा कीव करूनच पाहतात. कोणी प्रकाशक दारात उभा करीना म्हणून बिचाऱ्याने स्वतः छापले, असा त्या पाहण्याचा अर्थ. माझा गोष्टींचा संग्रह मी स्वतःच छापावयाचे ठरविले आहे, तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आमच्याच पेशातले, सरकारी शाळेतले मास्तर. त्यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली. १८८१ पर्यंत ८४ अंक निघाले, आणि मजकूर जवळजवळ सगळा एकट्याचा. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू करून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालविले. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. या दोघांची सर्वच मते मला पटतात असे नाही. पण दुसऱ्याच्या भांडवलावर हे लेखन जसेच्या तसे बाहेर पडले असते, असे मला वाटत नाही.

माझे प्रकरण अगदीच लहान. माझ्या गोष्टींतली माणसे बेळगावच्या बाजारात बोलतात तशी बोलतात. एका प्रकाशकांनी कळविले की, गोष्टी बऱ्या आहेत, मात्र ते ‘की ओ’ काढून भाषा शुद्ध करून द्या. शिवाय छपाईचा निम्मा खर्च आपण सोसावा. पैसे माझे आणि जीभ त्यांची, हा व्यवहार मला मानवेना.

आता खर्चाचे बोलतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. पूर्वी खिळे जुळवायचे म्हणजे हजार प्रती काढल्याखेरीज परवडत नसे. आज संगणकावरील छपाईत शंभरही निघतात. मी तीनशे काढणार. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालय व इतर तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत आपल्या खर्चाने पाठवावी लागते. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात. टपालाचे मात्र जड झाले. रजिस्टर्ड बुकपोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली.

प्रकाशक नाही म्हणजे चुका दाखविणाराही नाही, हा धोका मोठा. म्हणून हस्तलिखित मी दोन खडूस मित्रांना दिले. एकाने दोन गोष्टी सरळ गाळावयास लावल्या. मुद्रिते शाळेतल्या सहकारी बाई तपासणार आहेत. त्यांच्या लाल शाईला मी मुलांपेक्षा अधिक भितो.

घरात प्रश्न एकच निघाला: “अहो, तीनशे पुस्तके ठेवायची कुठे?”

त्याचे उत्तर मी आपल्याकडे मागतो. ट्रस्टने अनुदान द्यावे असे माझे म्हणणे नाही. वाचनालयात एक फळी अशा पुस्तकांसाठी राखावी, माझ्या एकट्याच्या नव्हे, गावात जो कोणी स्वतः छापील त्याच्यासाठी. आगाऊ नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. तीत काल सायंकाळपर्यंत एकेचाळीस नावे झाली आहेत.